दोन बोअरमध्ये कातळ, तिसऱ्यात राडारोडा: भूकंप आणि पायाखालची जमीन

ओढ्याकाठी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी सिंहगड रस्त्याच्या बाजूला, एका ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९८३ साली बांधलेली तीन मजली इमारत असून सध्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. नव्या आराखड्यात खाली पार्किंग आणि वर अकरा मजले आहेत, म्हणजे एकूण उंची सुमारे ३६ मीटर होईल. विकसकाने गेल्या महिन्यात माती परीक्षणासाठी आवारात तीन बोअर घेतले आणि समितीचा सचिव या नात्याने मी तिन्ही वेळा तिथे उभा होतो.

पहिल्या दोन ठिकाणी दीड-दोन मीटर काळी माती, तिच्याखाली मीटरभर मुरूम आणि मग कातळ लागला. लाकडी पेटीत ओळीने मांडलेले दगडाचे ते गोल, काळेभोर तुकडे वरवंट्यासारखे दिसत होते आणि ते पाहून आम्हा सगळ्यांनाच बरे वाटले. तिसरा बोअर ओढ्याकडच्या कोपऱ्यात होता. तिथे पेटीत निघाले ते विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळे, फुटकी शहाबादी फरशी, प्लास्टिकच्या पिशवीची एक चिंधी आणि सर्वांत खाली उग्र वासाचा, करड्या रंगाचा ओला गाळ. हे सारे सात मीटर खोलीपर्यंत होते. अहवालात त्या थराचे एन मूल्य, म्हणजे जमीन किती घट्ट आहे हे सांगणारा ठोक्यांचा आकडा, ६ ते ९ दिले आहे.

बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा विकसकाचे प्रतिनिधी हसून म्हणाले, "अहो साहेब, पुणे कातळावर बसले आहे. भूकंपाची चिंता गुजरात आणि आसामवाल्यांनी करावी." सभासदांनाही ते पटले आणि विषय तिथेच मिटला. माझे मात्र समाधान झालेले नाही. एकाच आवारात जमीन अशी दोन तऱ्हेची असेल तर भूकंपात इमारतीवर त्याचा नेमका काय परिणाम होतो, आणि आम्ही विकसकाला कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फडताळ (सोमवार, रात्री १०.२५)

भूकंपाची चिंता पुण्याने करू नये, असे म्हणणाऱ्याचा जन्म १९६७ नंतरचा असावा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या आत-बाहेर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही कसब्यातल्या एका वाड्यात राहत होतो. फडताळातली पितळी भांडी एकामागून एक खाली आली आणि आईने आम्हा तिघा भावंडांना गोधडीसकट अंगणात ओढून नेले, एवढे मला स्वच्छ आठवते. माझे मामा तेव्हा टेकडीच्या बाजूला दगडी घरात राहत होते आणि त्यांच्याकडे म्हणे पाण्याचा तांब्यासुद्धा कलंडला नाही. आजी पुढे कितीतरी वर्षे सांगायची, की टेकडीचा दगड हलत नाही, नदीकाठची माती हलते. त्यात कितपत तथ्य आहे, हे मलाही जाणून घ्यायला आवडेल.

लंबक (मंगळवार, सकाळी ७.१०)

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो. प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी फडताळ काकांच्या आजींविषयी. त्यांचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे, परंतु वाडा आणि दगडी घर या दोन वेगळ्या वास्तू असल्यामुळे फरक जमिनीमुळे पडला की बांधणीमुळे, हे एका आठवणीवरून ठरवता येणार नाही. लाकडी सांगाड्याचा वाडा लवचिक असतो, तो जास्त हलतो आणि करकरतो. जाड भिंतींचे बैठे घर ताठ असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विषय तिच्यावरच उभा आहे.

भूकंपाच्या लाटा खडकातून वेगाने येतात आणि मऊ थरात शिरल्या की त्यांचा वेग एकदम घटतो. वेग घटला तरी लाटेसोबत येणारी ऊर्जा तेवढ्याने नाहीशी होत नाही, त्यामुळे लाटेची उंची वाढते. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आल्यावर समुद्राची लाट जशी अंग धरते तसेच काहीसे. म्हणून एकाच भूकंपात, एकाच अंतरावर, खडकावरच्या घरापेक्षा गाळावरचे घर अधिक हलते.

मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तीच सहसा राहून जाते. मातीच्या प्रत्येक थराला स्वतःचा एक झोका असतो. थराची जाडी चौपट करून तिला त्या मातीतल्या कातर लाटेच्या (जमीन आडवी हलवणाऱ्या लाटेच्या) वेगाने भागले, की त्या झोक्याचा कालावधी ढोबळमानाने सेकंदांत मिळतो. इमारतीलाही तिचा स्वतःचा झोका असतो. दोन्ही झोके जुळले, की पाळण्याला नेमक्या वेळी हात लावत राहावे तशी गत होते आणि प्रत्येक फेरीला हेलकावा वाढत जातो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेक्सिको शहराचे आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सुमारे ८ तीव्रतेचा भूकंप प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगत झाला. शहर तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते आणि एवढ्या अंतरावर धक्का खरे तर विरून जायला हवा होता. शहराच्या खडकाळ भागात तो खरोखरच किरकोळ राहिला. परंतु जुन्या टेक्सकोको तळ्याच्या पात्रावर वसलेल्या भागात, पाण्याने भरलेल्या मऊ चिकणमातीवर, जमिनीचे त्वरण खडकाच्या तुलनेत सुमारे पाचपट नोंदले गेले. त्या मातीचा झोका जवळपास दोन सेकंदांचा होता. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा झोका धक्के बसू लागल्यावर लांबत जाऊन त्याच्याजवळ पोहोचला आणि सर्वाधिक पडझड त्यांचीच झाली. त्याच मातीवरची कित्येक बैठी, जुनी घरे मात्र उभी राहिली.

तेव्हा "माती वाईट आहे का" एवढे विचारून पुरत नाही. कोणत्या इमारतीसाठी वाईट, हे विचारावे लागते. तुमच्या आवाराचे गणित संध्याकाळी सवडीने मांडतो.

सह्यकडा (मंगळवार, दुपारी १.०५)

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून "पुणे कातळावर बसले आहे" या वाक्यापुरते लिहितो.

ते वाक्य खोटे नाही, ते अर्धे आहे. पुण्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे आणि तो बहुतेक ठिकाणी काही मीटरवरच लागतो. अहमदाबाद किंवा पाटण्यासारखा जाड गाळ आपल्याकडे नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु कातळाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो. ओढ्यांनी तो कोरलेला असतो, कुठे तो कुजून मुरूम झालेला असतो आणि लाव्ह्याच्या दोन प्रवाहांच्या मध्ये मऊ, तांबड्या मातीचा थर निघतो. शेजारी-शेजारी घेतलेल्या दोन विहिरींना वेगवेगळ्या खोलीवर दगड लागतो, हे जुन्या विहीर खणणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

त्यावर माणसाने केलेले उद्योग आहेतच. आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईत वळवला गेला. आज जिथे सारसबाग आहे तिथे पर्वतीच्या पायथ्याचे तळे होते, म्हणूनच तिथला गणपती आजही तळ्यातला गणपती म्हणून ओळखला जातो. शहराच्या कडेच्या कित्येक दगडखाणी काम संपल्यावर राडारोडा टाकून बुजवल्या गेल्या आणि छोटे ओढे-नाले नळ्यांत घालून त्यांच्यावर रस्ते आणि भूखंड झाले. पंचवीस सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पाण्याने आपली जुनी वाट बरोबर शोधून काढली. जी वाट पाण्याला आठवते ती भूकंपाच्या लाटेलाही वेगळी जाणवणार, कारण तिथे कातळ खोल आहे आणि वर भराव आहे.

ओढ्याकाठी यांच्या तिसऱ्या बोअरमधला करडा, वास येणारा गाळ हा बहुधा ओढ्याचा मूळ तळ आहे आणि त्याच्यावरचे सगळे लोकांनी आणून टाकलेले आहे. आवाराचा जुना मोजणी नकाशा मिळाला तर पाहावा.

मृण्मयी_के (मंगळवार, दुपारी ३.३०)

लंबक यांचे विवेचन आवडले, पण एक शंका आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या तेव्हा माझी मावशी तिथेच राहत होती. तिच्या बोलण्यात नेहमी खालच्या मोकळ्या पार्किंगचा उल्लेख येतो, जमिनीचा येत नाही. शिवाय किल्लारीला तर खाली कातळच होता ना? तरीही तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. मग सगळे खापर मातीवर फोडणे योग्य आहे का?

लंबक (मंगळवार, रात्री ९.१५)

मृण्मयीताई, शंका रास्त आहे. खापर एकट्या मातीवर फोडताच येत नाही.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ ला झाला. गणपती विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. तीव्रता ६.२ होती, म्हणजे जगाच्या मापाने फार मोठी नव्हे, परंतु केंद्र उथळ होते आणि घरे थेट त्याच्यावर होती. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांना बांधणारे आडवे दगड नसल्यामुळे भिंती फुगून फुटल्या आणि माळवद खाली आले. तिथे जमिनीपेक्षा बांधणीचा दोष कितीतरी मोठा होता.

अहमदाबादची गोष्ट निराळी आहे. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, सुमारे अडीचशे किलोमीटर दूर होते आणि तीव्रता ७.७ होती. एवढ्या अंतरावर चांगल्या खडकावर इतकी मनुष्यहानी झाली नसती. साबरमतीच्या जाड गाळाने दुरून आलेल्या संथ लाटा वाढवल्या आणि नेमक्या त्याच लाटांना साद देणाऱ्या पाच ते अकरा मजली इमारती तिथे उभ्या होत्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्यामुळे ते ताठ आणि खाली नुसते खांब असल्यामुळे तो मजला लुळा, म्हणजे एखाद्या जाड पेटीला काठ्यांचे पाय लावावेत तसे. तुमच्या मावशींनी पाहिले ते खरेच आहे. मातीने धक्का मोठा केला आणि मोकळ्या तळमजल्याने तो सोसला नाही.

आता ओढ्याकाठी यांच्या आवाराचे गणित. तिसऱ्या बोअरमध्ये सात मीटर भराव आहे. इतक्या सैल भरावात कातर लाटेचा वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास धरायला हरकत नाही. सात चोक अठ्ठावीस, भागिले १५०, म्हणजे झोका सुमारे ०.१९ सेकंदाचा. मेक्सिकोच्या दोन सेकंदांशी याची तुलनाच होत नाही, कारण आपला थर उथळ आहे.

नव्या इमारतीची उंची ३६ मीटर आहे. भारतीय मानक १८९३ (इमारतींच्या भूकंपरोधक रचनेचे मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीतील सूत्राने, भिंतींचा ताठपणा न धरता, केवळ काँक्रीटच्या सांगाड्याचा कालावधी १.१ सेकंद येतो. याचा अर्थ नवी इमारत आणि तो भराव यांचे मुख्य झोके जुळत नाहीत. उंच इमारत एका पद्धतीने झुलते आणि त्याच वेळी सापासारखी वळवळतेही. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या झोक्यांचे कालावधी मुख्य झोक्याच्या साधारण एक-तृतीयांश आणि एक-पंचमांश असतात आणि त्यांतला एक ०.२२ च्या, म्हणजे भरावाच्या झोक्याच्या, जवळ येतो. त्याचा विचार संगणकावरील विश्लेषणात व्हायलाच हवा, तरी तो मुख्य धोका नव्हे.

हे मांडताना मला स्वतःला थोडे थबकायला लावले ते तुमच्या आजच्या इमारतीने. तीन मजले म्हणजे सुमारे नऊ मीटर उंची आणि विटांच्या भिंती भरलेल्या. रुंदी बारा मीटर धरली तर मानकाच्या सूत्राने तिचा कालावधी ०.२३ सेकंद येतो. भरावाचा ०.१९ आणि इमारतीचा ०.२३. तुम्ही चर्चा करत आहात अकरा मजल्यांची, पण त्या कोपऱ्यातल्या मातीशी झोका जुळतो तो तुम्ही आज राहत असलेल्या घराचा.

घाबरून जाऊ नका. पुणे २०१६ च्या मानकाच्या नकाशात तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते, त्याचा गुणांक (किती जोराचा हादरा धरायचा तो आकडा) ०.१६ आहे, कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात येतो आणि तिथला ०.२४. कोयना इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि जलद, छोट्या झोक्याच्या लाटा एवढ्या प्रवासात बऱ्याच क्षीण होतात. तरीही हा मुद्दा नोंदवायला हवा, कारण मानक वाचून तो कळणार नाही. मानकात कठीण, मध्यम आणि मऊ अशा तीन प्रकारच्या जमिनी आहेत, परंतु ०.४ सेकंदापेक्षा कमी कालावधीच्या इमारतींसाठी इमारतीला जमिनीच्या हादऱ्याच्या किती पट हादरा धरायचा, याचे तिन्ही जमिनींना एकच मूल्य, २.५, दिलेले आहे. फरक सुरू होतो तो त्यापुढे: १.१ सेकंदाच्या इमारतीला खडकावर ०.९१ आणि मऊ मातीवर १.५२. थोडक्यात, बुटक्या इमारतीखाली उथळ भराव असेल तर मानकाचे कोष्टक त्याबद्दल काहीच बोलत नाही.

चौथा_मजला (बुधवार, सकाळी ८.५०)

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमच्याही सोसायटीत अशाच चर्चा होऊन तीन वर्षे वाया गेली. प्रत्येक सभेला कोणीतरी आंतरजालावर काहीतरी वाचून येतो, जमीन पाण्यासारखी वितळते वगैरे सांगतो आणि विकसक कंटाळून निघून जातो. परवाना देणारे अधिकारी आहेत, सल्लागार आहेत, त्यांना त्यांचे काम करू द्यावे. पुण्यात जमीन वितळल्याचे कोणी पाहिले आहे का?

सह्यकडा (बुधवार, सकाळी ११.२०)

आपला त्रागा समजू शकतो, पण प्रश्नाचे उत्तर देण्यासारखे आहे. जमीन वितळते, म्हणजे द्रवासारखी वागू लागते, त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: सैल वाळू किंवा वाळूसारखा बारीक गाळ, तो पाण्याने पूर्ण भरलेला असणे आणि पुरेसा वेळ चालणारा जोरदार हादरा. हादऱ्याने वाळूचे कण दाटू पाहतात, मधल्या पाण्याला पळायला वाट मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांना टेकेनासे होतात. जपानमधल्या निगाता शहरात १६ जून १९६४ च्या भूकंपात चार मजली सदनिकांच्या इमारती अशाच जमिनीवर आख्ख्या कलंडल्या, त्यांतली एक तर जवळपास आडवी झाली, आणि तरी भिंती शाबूत होत्या. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपात मैलोन्‌मैल शेतांतून वाळू आणि पाण्याची कारंजी उडाली होती.

पुण्याची काळी माती चिकण आहे आणि चिकणमाती सहसा अशी वितळत नाही. तिचे दुखणे वेगळे आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून सरसकट भीती घालणे चूक आहे, हे मला मान्य. ओढ्याच्या तळाशी वाळूची एखादी पट्टी असेल तर तिची चाळणी-चाचणी करून घ्यावी, एवढेच म्हणेन.

पहार (बुधवार, संध्याकाळी ६.४५)

मी माती परीक्षणाच्या कामावर पर्यवेक्षक म्हणून बावीस वर्षे काढली आहेत. सर्वांचे लिखाण वाचले. जागेवरच्या दोन गोष्टी सांगतो, ज्या अहवालात दिसत नाहीत.

एन मूल्य म्हणजे काय, हे आधी सांगतो. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी ४५ सेंटिमीटर आत जाऊ द्यायची आणि शेवटच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजायचे. दहाच्या आत असेल तर जमीन मऊ, तिसाच्या वर असेल तर कठीण. ही चाचणी नैसर्गिक मातीसाठी आहे. राडारोड्यात नळीच्या तोंडाशी वीट आली तर ठोके वाढतात आणि आकडा फुगतो. दोन विटांच्या मध्ये पोकळी आली तर नळी नुसत्या वजनाने खाली जाते. त्यामुळे भरावातल्या ६ ते ९ या आकड्यावर माझा विश्वास नाही. खरी माती त्याहूनही सैल असू शकेल. मी हातोड्याचा आवाज ऐकून ओळखायचो: मुरमात तो ठणठणीत येतो, भरावात भद्‌भद्‌ येतो.

दुसरी गोष्ट अशी, की तीन बोअरमध्ये दोन एका तऱ्हेचे आणि एक दुसऱ्या तऱ्हेचा निघाला, तर तपासणी संपत नाही, तिथून ती सुरू होते. कातळ कुठे उतरायला लागतो, ती रेघ इमारतीच्या कोणत्या खांबांखालून जाते, हे कळल्याशिवाय पाया ठरवू नये. आणखी दोन बोअरचा खर्च एका पार्किंगच्या जागेच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. चौथा_मजला साहेबांना माझे एवढेच सांगणे, की सल्लागार त्याच्यासमोर ठेवलेल्या कागदावरच काम करतो. आमच्या लोकांनी बोअर सोयीच्या जागी घेतला, म्हणजे जिथे यंत्राची गाडी सहज लागली तिथे, तर त्याच्या कागदावर सगळीकडे कातळच दिसतो.

लंबक (बुधवार, रात्री १०.३०)

पहार यांनी माझे काम सोपे केले. नव्या इमारतीचा मुख्य धोका खरोखर त्या रेघेत आहे.

समजा अर्ध्या खांबांचा पाया तीन मीटरवर कातळावर टेकला आणि उरलेल्यांचा भरावात. रोजच्या वजनानेच ती बाजू कमी-अधिक खचेल, हा झाला पहिला भाग. भूकंपात दोन्ही बाजूंना जमीन वेगवेगळी हलेल, हा दुसरा. यावर उपाय म्हणून सगळेच खांब कातळापर्यंत नेले, तरी एका बाजूचे खांब जमिनीखाली आखूड आणि दुसऱ्या बाजूचे लांब होतात. आखूड खांब ताठ असतो आणि ताठ असतो तोच जास्त ओझे अंगावर ओढून घेतो. परिणामी इमारत सरळ न झुलता पिळवटते आणि आखूड बाजूचे खांब आधी तडकतात. म्हणजे "आम्ही पाया कातळावर नेला" हे उत्तर बरोबर असूनही अपुरे राहते. खांबांच्या लांबीतला फरक गणितात धरला आहे का, हे विचारावे लागते.

एकच बांधकाम दोन जमिनींवर कसे वागते, याचे उदाहरण अमेरिकेत ओकलंडला १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात दिसले. सायप्रेस नावाचा दुमजली उड्डाणमार्ग मऊ खाडीमातीवरच्या लांबीत कोसळला आणि ४२ माणसे गेली. त्याच मार्गाचा घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला. त्या खांबांची रचना सदोष होतीच, पण दोष उघडा पडला तो मऊ मातीवर.

ओढ्याकाठी, तुम्ही लेखी विचारावेत असे प्रश्न मला हे दिसतात. कातळाच्या वरच्या पृष्ठभागाचा नकाशा कुठे आहे? संपूर्ण इमारत एकाच प्रकारच्या जमिनीवर टेकणार आहे का, आणि नसेल तर ओढ्याकडचा भाग सांध्याने वेगळा करणार का? विश्लेषणात जमीन कोणत्या प्रकारची धरली आहे? आणि जमिनीशी संबंध नसला तरी विचाराच, की पार्किंगच्या मजल्यावर काँक्रीटच्या भिंती किती आणि दोन्ही दिशांना आहेत का?

मृण्मयी_के (गुरुवार, सकाळी १०.००)

कालचे वाचून मी आमच्या इमारतीचा माती परीक्षणाचा अहवाल शोधला. आठ पानांचा आहे. बोअर किती, तर एक. पुढे काय करायचे ते आता बघते.

ओढ्याकाठी (पुढच्या महिन्यातला रविवार, संध्याकाळी ५.२०)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मधल्या काळात बरेच घडले.

लंबक यांचे प्रश्न जसेच्या तसे पत्रात घालून दिले. पहिले आठ दिवस उत्तर आले नाही. मग विकसकाच्या संरचना सल्लागारांनी स्वतः फोन केला आणि ते मोकळेपणाने म्हणाले, की त्यांच्या हाती आलेल्या सारांशात तिसऱ्या बोअरची नोंद "स्थानिक भराव" एवढ्या दोन शब्दांत होती. त्यानंतर आणखी दोन बोअर झाले. एकात कातळ सव्वाचार मीटरवर लागला आणि ओढ्याला लागून घेतलेल्या दुसऱ्यात नऊ मीटरवर. तिथे तळाशी हातभर जाड वाळूची पट्टीही निघाली, ती चाचणीला पाठवली आहे. म्हणजे कातळ आवाराच्या मधोमध उतरायला लागतो आणि ती रेघ प्रस्तावित जिन्याच्या जवळून जाते. सल्लागारांनी आता इमारत ओढ्यापासून चार मीटर मागे सरकवण्याचा आणि तरीही त्या बाजूला येणारे खांब पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खुंटांवर) घेऊन कातळात रुतवण्याचा आराखडा मांडला आहे. पार्किंगची तीन ठिकाणे कमी होतात, त्यावरून सभेत वाद चालू आहे.

सह्यकडा यांच्या सांगण्यावरून जुना मोजणी नकाशाही काढला. आमच्या आवाराच्या ईशान्य कोपऱ्यातून ओढ्याचा एक फाटा गेलेला त्यात स्वच्छ दिसतो. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजींना दाखवला तर त्या म्हणाल्या, "यात काय नवल, तिथे आम्ही धुणे धुवायचो."

राहिली आमची आजची इमारत. नवी उभी राहायला अजून किमान दोन वर्षे आहेत आणि तोवर निम्मे सभासद इथेच राहणार आहेत. ओढ्याकडच्या जिन्याच्या भिंतीत एक तिरपी भेग आहे, ती आम्ही दर दिवाळीला पुट्टी भरून रंगवतो आणि ती पुन्हा उघडते. लंबक, ही भेग भूकंपाची नाही हे मला समजते. पण ती त्याच कोपऱ्यात का आहे, हे आता कळले आहे.

लंबक (रविवार, रात्री ८.०५)

ती भराव खचल्याची भेग असावी. या वर्षी पुट्टी भरू नका. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा. भिंत सरकली तर काच तडकेल. तोवर पाण्याची टाकी त्या जिन्याच्या डोक्यावर असेल तर ती दुसऱ्या बाजूला हलवता येते का, ते पाहा. वरचे वजन जितके कमी तितके चांगले.

ओढ्याकाठी (रविवार, रात्री ९.१२)

टाकी तिथेच आहे, दहा हजार लिटरची. सोमवारी प्लंबरला बोलावले आहे. काचेची पट्टी मिळाली नाही म्हणून तूर्त भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून आजची तारीख लिहून ठेवली आहे.